सजावटीची भिंत

सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणतात. असं म्हणणाऱ्याची आमच्या ह्यांच्याशी गाठ पडली नसावी. आमचे हे रंगारी आहेत. त्यांनी पैशाचं सोंग आणलं आणि ते इतकं बेमालूम वठवलं की सरकारसुद्धा फसलं. आणलं तेही नेमकं अशा दिवशी, ज्या दिवशी आपल्याजवळ पैसा नाही हे दाखवायचं होतं.

पण आधी मुलीचं सांगते. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून आजीने ठेवलेलं नाव. ती आता परदेशी शिकायला जायचं म्हणत होती, आणि शिकायला काय, तर सांडपाणी. लोकांची मुलं परदेशी जाऊन डॉक्टर होतात, आमची गटाराचं पाणी स्वच्छ कसं करायचं ते शिकणार. मी म्हटलं, "अगं, गटारं इथे काय कमी आहेत?" तर म्हणते कशी, "आई, म्हणूनच तर."  तिथल्या विद्यापीठाने तिला प्रवेश दिला होता. फीचा आकडा मी तिला दोनदा वाचायला लावला. मी इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. हे लोकांची घरं रंगवतात. आमच्या दोघांच्या साऱ्या जन्माची कमाई एकत्र केली असती तरी ती फी भागली नसती.

तर सरकारची एक योजना आहे. बेताच्या घरातल्या मुलांना परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला, की त्यांची फी सरकार भरतं. पैसे थेट विद्यापीठात जमा होतात, आपल्या हाताला लागतही नाहीत. योजनेतली एवढी एकच गोष्ट मला आवडली. बाकी सगळं डोकं फिरवणारं होतं.

त्या कचेरीत खिडकीपाशी दोरीने बांधलेलं एक पेन आहे. ते उमटत नाही. पण आपलं पेन काढलं तर खिडकीतला कारकून म्हणतो, "इथलंच वापरा, शाई एकसारखी लागते." मी म्हटलं, "अहो, पण ते उमटतच नाही." तर म्हणाला, "तशी तक्रार लेखी द्या." लेखी कशाने देऊ, हे विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात भिंगरीने माझा हात दाबला. तिचं नेहमीचं पालुपद, "आई, चिडू नकोस, गरज आपल्याला आहे." गरज आपल्याला आहे म्हणूनच तर चीड येते. गरज नसती तर हसून सोडून दिलं असतं.

अर्ज झाला, दाखले झाले, दाखल्यांचे दाखले झाले. मग मुलाखत लागली ती मोठ्या कचेरीत, दुसऱ्या शहरात. मी रजा टाकून भिंगरीबरोबर गेले आणि आम्ही माझ्या मावशीकडे उतरलो. आज नाही उद्या या, उद्या साहेब नाहीत परवा या, असं करत आठवडा तिथेच गेला. शेवटी मुलाखत झाली आणि चांगली झाली. आत तिने सांडपाण्यावर असं काही सांगितलं म्हणे, की एका साहेबांनी समोरचा पाण्याचा पेला बाजूला सरकवला. आता फक्त गृहभेट राहिली होती. म्हणजे निरीक्षक घरी येऊन पाहणार, की खरंच हे लोक फी भरू शकत नाहीत ना. मला त्याची काडीचीही काळजी नव्हती. आमचं घर बघून कुणालाही पटलं असतं.

बाहेरच्या खोलीच्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले होते. छताच्या कोपऱ्यात काळा डाग होता, तो दर वर्षी थोडा मोठा व्हायचा. रंगाऱ्याच्या घरी ही अवस्था. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी लग्न होऊन आल्यापासून म्हणत होते, "अहो, जगाच्या भिंती रंगवता, एकदा आपली पण बघा." त्यांचं उत्तर ठरलेलं, "सवड झाली की." इतक्या वर्षांत ती सवड काही झाली नाही.

निरीक्षकांचं पत्र आम्ही नसताना घरी आलं. 'निरीक्षक घर पाहण्यास येतील.' बस, एवढंच वाक्य. आता ह्यांच्या आयुष्यात जो जो माणूस भिंत बघायला आला, तो गिऱ्हाईक म्हणूनच आला. भिंत बघायला माणूस येणार म्हटल्यावर ती कशी असायला हवी, हे त्यांच्या हातांना माहीत होतं. डोक्याला कुणी विचारलंच नाही. त्यांनी आम्हाला एका शब्दाने कळवलं नाही. आम्ही आल्यावर चकित व्हावं म्हणून!

भेटीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही परत आलो. दार उघडलं, आणि मला क्षणभर वाटलं की आपण चुकून शेजारच्या घरात शिरलो.

पोपडे नव्हते. डाग नव्हता. समोरची अख्खी भिंत मोतिया रंगाची, नुसती तुळतुळीत, आणि तिच्यात पाण्यावर वारा फिरावा तशी बारीक लहर. उजेड पडला की ती लहर हलल्यासारखी वाटायची. बंगलेवाले असली भिंत करून घेण्यासाठी ह्यांच्यामागे लागतात आणि भाव ऐकून साधा रंग मारून घेतात. निरनिराळ्या बंगल्यांतून उरलेले डबे वर्षानुवर्षं माळ्यावर साठवले होते, ते सगळे कालवून ह्यांनी हा रंग जमवला होता. भिंतीपुढे नणंदबाईंचा सोफा होता. सोफ्यापुढे नणंदबाईंचं काचेचं टेबल होतं. आणि सोफ्यावर खुद्द नणंदबाई बसल्या होत्या.

"कसं आहे?" ह्यांनी विचारलं. हातातलं फडकं पिळत, लहान मुलासारखे बघत होते.

मी कपाळावर हात मारला. "अहो, तो गरिबी बघायला येतोय!"

"अगं, म्हणून काय घाणीत बसवायचं त्याला?" नणंदबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा घरी येणारा माणूस. माझ्या भावाची काही अब्रू आहे की नाही?"

"वन्सं, त्याला अब्रू नकोय, त्याला पोपडे हवेत!"

"गरिबी म्हणजे घाण नव्हे," हे म्हणाले. हळूच म्हणाले, पण म्हणाले. "मुलगी एवढी शिकायला चाललीय. तिच्या बापाला स्वतःची भिंत धड ठेवता येत नाही, असं लिहून न्यावं का त्याने?"

मी भिंगरीकडे बघितलं. ती बॅग खांद्यावरच ठेवून भिंतीवरून हात फिरवत होती. "बाबा, हे तुम्ही केलंत?" एवढंच म्हणाली. मग दोघी मिळून आम्ही निदान सोफा तरी परत न्यायला उठलो, पण नणंदबाईंचा मुलगा टेंपो घेऊन गावाला गेला होता आणि सोफा चार माणसांशिवाय हलत नव्हता. ओली भिंत तर कुठे लपवणार! मी म्हटलं, जे होईल ते होईल, तुम्ही फक्त तोंड उघडू नका.

निरीक्षक आले. वाळकेसे, थकलेले, हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद. बूट बाहेर काढून आत आले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं आणि ते बघून मला जरा धीर आला. म्हटलं, हा आपल्यातलाच आहे. ते भिंतीपुढे उभे राहिले, अगदी जवळ गेले, आणि बोटाने ती लहर चाचपली.

"हे काम कुणाचं?"

झालं. त्या प्रश्नानंतर ह्यांचं तोंड बंद ठेवायला देव आला असता तरी जमलं नसतं. पुट्टी किती वेळा घासली, प्रायमर का पातळ ठेवला, लहर काढायला ब्रश नव्हे तर ओलं फडकं कसं वापरायचं, हा रंग मुळात परदेशातून येतो, बंगल्यात असल्या एका भिंतीला लोक काय मोजतात, सगळं सांगितलं. मी मागून खोकत होते. भिंगरी म्हणाली, "काका, हा उरलेला रंग आहे, विकत घेतलेला नाही." नणंदबाई म्हणाल्या, "सोफा माझा आहे हो." पण ते सगळं वरातीमागून घोडं होतं. निरीक्षकांच्या कागदावर 'भिंती' असा एक रकाना होता आणि त्यात तीनच प्रकार होते, कच्च्या, पक्क्या आणि सजावटीच्या. त्यांनी खूण केली ती मी उलट्या बाजूनेही वाचली.

"साहेब, आमचं उत्पन्न बघा ना," मी म्हटलं. "दाखले जोडलेत."

"दाखले दुसरे बघतात," ते म्हणाले. "मला जे दिसतं तेच मला लिहावं लागतं."

व्हायचं तेच झालं. पत्र आलं. घराची एकूण स्थिती पाहता कुटुंब स्वखर्चाने शुल्क भरण्यास समर्थ आहे. मी ते पत्र घेऊन तडक कचेरीत गेले. दोरीचं पेन होतं तिथेच लोंबत होतं.

"सोफा माझ्या नणंदेचा आहे," मी खिडकीत सांगितलं.

"मग नणंदेकडून लिहून आणा."

"रंग उरलेला होता."

"पावती?"

"उरलेल्याची पावती कोण देतं हो?"

"तेच तर," कारकून म्हणाला. त्याचं बरोबरच होतं, म्हणूनच जास्त संताप आला. मग त्याने आवाज खाली केला. मनाने वाईट नव्हता तो. "बाई, पुन्हा भेट मागता येते. पण परिस्थिती खालावली असेल तरच."

"खालावली म्हणजे?"

"म्हणजे आधी चांगली होती, आता वाईट आहे."

"अहो, आमची आधीपासूनच वाईट आहे!"

"मग खालावली कुठे?" त्याने मान हलवली. "आमच्याकडे ती चांगली म्हणून लागलीय. आता खालावायला हवी. आणि महिनाअखेरच्या आत, नाहीतर विद्यापीठ जागा दुसऱ्याला देईल."

मी खिडकीचा कठडा धरून उभी राहिले. मागच्या माणसाने "बाई, आवरा" म्हटलं तेव्हा भानावर आले. पुन्हा भेटीचा अर्ज लिहिला, त्याच पेनने, उमटेपर्यंत गिरवून गिरवून.

घरी येऊन सगळं सांगितलं. भिंगरी म्हणाली, "राहू दे आई. मी इथेच काम बघते. त्या भिंतीला हात लावायचा नाही." आणि तोंड फिरवून आत गेली. ती रडत नव्हती, भांडी घासत होती, आणि ती भांडी आधीच घासलेली होती.  दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले नाहीत. पिशवीतून पुट्टीची लोखंडी पट्टी काढली आणि भिंतीसमोर उभे राहिले.

मला वाटलं, आता हे खरवडतील आणि संपेल. कुठलं काय! आधी जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरली. मग खिडकीच्या चौकटीला चिकटपट्टी लावली, चौकट खराब होऊ नये म्हणून. भिंत खराब करायची होती, आणि हे चौकट जपत होते! मग वरून खाली, एकसारख्या हाताने, रंग उतरवत गेले. उतरवून झाल्यावर पॉलिश पेपर काढला आणि कडा घासायला लागले. मी इस्पितळातून आले तेव्हा भिंत अशी दिसत होती, की शहरातल्या नव्या हॉटेलांत मुद्दाम करून घेतात ना, जुनाट, थर दिसणारी, तशी. आधीपेक्षाही महाग वाटत होती.

"अहो, हे काय?" मी ओरडले. "वाईट करा, वाईट!"

"करतोय की."

"हे वाईट आहे? तो बाबा येऊन पुन्हा सजावटीची म्हणून खूण करील! जरा वेडंवाकडं ओरबाडा. खड्डे पाडा. लोकांची कामचुकार पोरं करतात तसं करा!"

त्यांनी पट्टी उचलली. भिंतीला टेकवली. हात तिरका केला, पुन्हा सरळ केला. मग पट्टी खाली घेतली आणि म्हणाले, "वाईट कसं करायचं ते मला येत नाही गं."

इतक्या वर्षांत ह्या माणसाने मला किती पिडलं असेल त्याला गणती नाही. हिशेबात ढ, व्यवहारात ढ, गिऱ्हाईक बुडवून गेलं तरी त्याच्या भिंतीला शेवटचा हात मारून येणार. मी त्यांच्यावर जन्मभर चिडत आले. पण त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना. मी त्यांच्या हातातली पट्टी काढून घेतली.

"तुम्ही बाहेर जा," मी म्हटलं.

ते जिन्यात जाऊन बसले. मी दार लावून घेतलं.

डाग काढणं हा माझा धंदा. रक्ताचा, औषधाचा, कशाचाही असो, कुठला डाग कशाने जातो हे मला माहीत आहे. डाग पाडायची वेळ पहिल्यांदाच आली. मी पट्टी मुठीत धरली आणि ओरबाडलं. प्लास्टरपर्यंत खड्डे पाडले. फडकं ओलं करून छताच्या कोपऱ्यात दाबलं, उरलेला चहा ओतला, चुलीमागची काजळी घेऊन बोटांनी फासली. एका कोपऱ्यात ती मोतिया लहर अजून शिल्लक होती, वीतभर. हात थांबला. मग म्हटलं, त्या कारकुनाचं काय सांगावं, याचीही पावती मागेल. तीही ओरबाडली. पट्टीचा आवाज जिन्यापर्यंत जात असणार हे मला कळत होतं. पण आवाज न करता भिंत ओरबाडायची कशी, हे मला ठाऊक नव्हतं.

दार उघडलं तेव्हा हे आत आले, भिंतीकडे न बघता वर्तमानपत्रं गोळा केली, चिकटपट्टी सोडवली. चौकट स्वच्छ होती.

निरीक्षक दुसऱ्यांदा आले. तेच कागद, तोच मोजा, भोक आता शिवलेलं. या वेळी ना सोफा होता ना नणंदबाई. ते भिंतीपुढे गेले आणि मागच्यासारखंच बोट टेकवलं. बोट खड्ड्यात गेलं.

"अरेरे," ते म्हणाले. मनापासून म्हणाले. "एवढं सुरेख काम होतं. त्याचं हे असं का केलंत?"

मी ठरवलं होतं तोंड उघडायचं नाही. भिंगरीने सकाळी माझ्याकडून वचन घेतलं होतं.

"तुमच्यासाठी!" मी म्हटलं. "तुमच्या कागदात भिंतीला तीन घरं आहेत ना, त्यातल्या एकात बसावी म्हणून! माणसाने हात राखून काम केलं असतं तर मुलीची फी पहिल्याच भेटीत मिळाली असती. चांगलं केलं म्हणून अडली. आता विचारता का केलंत? लिहा तुमचं. तुम्हाला दिसतंय ना? मग लिहा!"

 भिंगरी डोळे मिटून उभी होती. हे जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, संपलं, आपल्या जिभेने मुलीचं वाटोळं केलं. निरीक्षक कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी खूण केली आणि पुठ्ठा माझ्याकडे फिरवला, सुलटा, मला वाचता यावा असा. कच्च्या.

"मला दिसतं तेच मी लिहितो बाई," ते म्हणाले. बूट घालताना ह्यांच्याकडे एकदा बघितलं आणि नुसते हात जोडून उतरून गेले.

फी मंजूर झाली. भिंगरी गेली. विमानतळावर रडायचं मी आधीच ठरवलं होतं, पण तिथेही एका कागदावर शिक्का राहिला म्हणून आम्ही दोघी धावत सुटलो आणि रडायचं राहूनच गेलं.

पोचल्यावर तिने फोनवर आपली खोली दाखवली. पलंग, टेबल, खिडकी. "आणि ही भिंत बघा बाबा," म्हणाली. "कुणी मारलीय ही?"

ह्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. "रोलरचे पट्टे दिसतायत," म्हणाले. "आणि खाली बघ, कड सोडलीय. परदेशात असून!" कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता. बराच वेळ त्या रंगाऱ्याला नावं ठेवत होते आणि ती हसत होती. मग ती म्हणाली, "आता तुमची भिंत पुन्हा करून टाका ना बाबा. आता फी तर मिळाली."

ह्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. मी फोन घेतला आणि जेवलीस का वगैरे विचारलं.

तिला सांगितलेलं नाही. मंजुरीच्या पत्रात खाली एक ओळ होती. अभ्यासक्रम संपेपर्यंत दर वर्षी गृहभेट होईल, आणि परिस्थिती सुधारल्याचं आढळल्यास पुढची फी थांबेल.

म्हणून भिंत तशीच आहे. माळ्यावर आणखी उरलेले डबे साठतायत, त्यांना कुणी हात लावत नाही. हे रोज कामावरून येतात, हात धुतात आणि चहाला बसतात. पूर्वी समोरच्या खुर्चीत बसायचे, आता खुर्ची फिरवून घेतलीय आणि भिंतीकडे पाठ करून बसतात. चहा देऊन मी त्यांच्या समोर बसते. मला ती रोज दिसते.